उमेदवारीचा अर्ज

उमेदवार हा शब्द आता आपल्याला निवडणुकीच्या दिवसांत तेवढा ऐकू येतो. माझ्या वडिलांच्या पिढीत मात्र ‘मुलगा कचेरीत उमेदवारी करतोय’ असं म्हटलं की घरातल्या चार माणसांना बरं वाटायचं. उमेदवारी म्हणजे काम शिकायचं, पगार नाही किंवा नावापुरता, आणि पुढंमागं जागा मिळेल या आशेवर रोज वेळेवर हजर व्हायचं. शब्द फारसीतून आलेला. उमेद म्हणजे आशा. ती बाळगून दारात उभा असतो तो उमेदवार.

आज मी बोलणार आहे ते लंडनमधल्या वकिलांच्या पेढ्यांवरच्या उमेदवारीबद्दल. तुम्ही म्हणाल, बी.ए. झालेला, कविता लिहिणारा हा माणूस. याचा लंडनच्या वकिलांशी काय संबंध? संबंध घरातूनच आला. माझी थोरली बहीण लग्न होऊन बर्मिंगहॅमला गेली. कोकणातली पुष्कळ मुसलमान कुटुंबं इंग्लंडात आहेत, त्यातलंच हे एक. आपाची धाकटी मुलगी गेली तीन वर्षं अशा उमेदवारीसाठी अर्ज करत होती आणि फोनवरून तिच्याबरोबर मीही तो सगळा प्रकार शिकत गेलो. शिवाय आपल्याकडच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांतूनही लंडनच्या काही मोठ्या पेढ्या मुलं निवडत आल्या आहेत. इथून पदवी घेऊन पुढं शिकायला तिकडं जाणारी मुलं आहेत ती वेगळीच. त्यांना आणि त्यांच्या आईबापांना यातलं काही उपयोगी पडेल.

इंग्लंडात वकिलांच्या दोन जाती. बॅरिस्टर कोर्टात उभा राहतो. गांधीजी, बाबासाहेब, जीना हे सगळे बॅरिस्टर. सॉलिसिटर अशिलाशी थेट बोलतो, कागदपत्रं करतो, सौदे जमवतो. बॅरिस्टर आपल्याला ठाऊक असतात कारण ते इतिहासात आहेत. रोजचं बहुतेक काम मात्र सॉलिसिटर करतात आणि त्यांच्या मोठ्या पेढ्यांत भागीदार, नोकरदार वकील आणि शिकाऊ मिळून शेकडो माणसं असतात.

पूर्वी सॉलिसिटर व्हायचं तर पेढीवर काही वर्षं ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणून राहावं लागे. गंमत अशी की पेढी पगार देत नसे. उलट मुलाच्या बापाकडूनच चांगली रक्कम घेई. म्हणजे ज्याच्या बापाकडं पैसा आणि ओळख, त्याच्याच मुलाला दार उघडं. बायकांना तर पैसे मोजूनही नाही. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकल्या, १८९२ मध्ये परीक्षा दिली, लंडनच्या एका सॉलिसिटर पेढीत काही काळ कामही शिकल्या. पण बाई असल्यामुळं ना पदवी मिळाली, ना सनद. कायदा बदलला १९१९ मध्ये आणि इंग्लंडात पहिल्या बायका सॉलिसिटर झाल्या १९२२ मध्ये. सोराबजींना बॅरिस्टरची सनद मिळाली १९२३ मध्ये, तेव्हा त्या सत्तावन्न वर्षांच्या आसपास होत्या.

आता दार सगळ्यांना उघडं आहे, निदान कागदावर तरी. २०२१ पासून तिथं नवी पद्धत आली. कुठल्याही विषयाची पदवी चालते. ‘एसक्यूई’ नावाची परीक्षा दोन टप्प्यांत द्यायची. पहिल्या टप्प्यात ३६० वस्तुनिष्ठ प्रश्न, दुसऱ्यात अशिलाची मुलाखत घेणं, कोर्टापुढं बाजू मांडणं, पत्र लिहिणं, मसुदा करणं असं प्रत्यक्ष काम. आणि त्याखेरीज दोन वर्षांचा कामाचा अनुभव. परीक्षेची फीच सगळी मिळून ४,५०० पौंडांहून अधिक आहे, शिकवणीचे पैसे वेगळे. मोठ्या पेढ्या हा खर्च उचलतात, वर राहण्याखाण्यालाही पैसे देतात. साहजिकच तिथं झुंबड उडते.

या मोठ्या पेढ्या आपली शिकाऊ जागा सहसा दोन वर्षं आधी भरतात. त्यासाठी उन्हाळ्यात, काही ठिकाणी हिवाळ्यात किंवा वसंतातही, विद्यार्थ्यांना एक ते चार आठवडे पगार देऊन कामाला बोलावतात. सुट्टीतली ही उमेदवारी म्हणजे लांबलेली मुलाखतच. तिचे अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात आणि डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास बंद. बऱ्याच पेढ्या अर्ज येतील तसतसे वाचतात, तेव्हा शेवटच्या तारखेची वाट पाहणारा मुलगा आधीच मागं पडलेला असतो. अर्जानंतर संगणकावरची चाचणी, त्यानंतर दिवसभराची निवड परीक्षा, मग ती उमेदवारी, आणि तिच्या शेवटी जागा मिळाली तर मिळाली.

भाचीनं पहिल्या वर्षी अकरा अर्ज केले. अकराही परत. एका ठिकाणचा नकार रात्री दोन वाजता आला म्हणे, म्हणजे तो माणसानं नव्हे, यंत्रानं धाडलेला. आपा फोनवर म्हणाली, “तू शब्दांतला माणूस आहेस, जरा बघ तिचं लिखाण.” इंग्रजीत मी तिला काय शिकवणार? पण अर्ज वाचले आणि एक गोष्ट लगेच खटकली. ‘मला लहानपणापासून कायद्याची आवड आहे. आपली पेढी अग्रगण्य असून तिचा कारभार जगभर पसरलेला आहे.’ अकरा अर्जांत पेढीचं नाव तेवढं वेगळं. कवितेत ज्याला आम्ही भरतीचे शब्द म्हणतो, ते हेच. मात्रा भरून निघते, अर्थ रिकामाच. मी तिला म्हटलं, “अगं, या वाक्यात दुसऱ्या पेढीचं नाव घालून बघ. वाक्य तसंच उभं राहिलं तर ते खोडून टाक.” तिनं तसं केलं आणि म्हणाली, “मामू, काहीच उरलं नाही.”

उरलं नव्हतं, कारण खरं ते तिनं लिहिलंच नव्हतं. ‘कामाचा अनुभव’ या रकान्यात विद्यापीठातल्या वादविवाद मंडळाचं नाव होतं. वडिलांच्या किराणा दुकानाचा उल्लेख नव्हता. विचारलं तर म्हणाली, “त्यात काय सांगायचं? शनिवार-रविवार गल्ल्यावर बसते, एवढंच.”

एवढंच नव्हतं. ती सतरा वर्षांची असताना दुकानाच्या भाडेकराराची मुदत संपत आली आणि जागामालकाच्या वकिलाकडून नोटीस आली. मेहुण्यांनी ती बिलांच्या ढिगात ठेवून दिली होती. हिनं वाचली. इंग्लंडात १९५४ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टप्रमाणं धंद्याच्या जागेच्या भाडेकरूला सहसा नवा करार मागण्याचा हक्क असतो. पण नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत बोलणी मिटली नाहीत, आणि मुदत वाढवल्याचं लेखी ठरलं नाही, तर त्याआधी कोर्टात अर्ज जायला हवा. तारीख उलटली की हक्क संपला. हे तिला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. कागदावर एक तारीख आहे आणि ती पाच आठवड्यांवर आली आहे, इतकंच तिला दिसलं. वडिलांना ओढत ती गावातल्या एका सॉलिसिटरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी जुना करार मागवला, वाचला आणि पहिल्या भेटीत सांगितलं की दुकान वाचेल. वाचलं. बावीस वर्षांचं दुकान, त्यावर सहा माणसांचं घर.

ज्या मुलीनं हे पाहिलं तिला ‘वकील का व्हायचंय’ या प्रश्नाला ‘लहानपणापासून आवड’ असं उत्तर द्यावंसं वाटतं, ही खरी अडचण आहे. बुद्धी कमी नाही, इंग्रजी तर तिची बोलीच. पण आपल्या घरात जे घडतं ते अर्जात लिहिण्याजोगं नसतं, असं तिच्या मनानं धरलेलं. वकिलाच्या मुलाला जेवणाच्या टेबलावर कळतं की पेढ्यांना काय हवं असतं. दुकानदाराच्या मुलीला ते सांगायला कुणी नसतं, म्हणून ती दुसऱ्यांच्या अर्जातली भाषा उसनी आणते. आता तर ही उसनवारी यंत्राकडून क्षणात होते. अर्ज लिहिताना यंत्राची मदत कितपत चालेल, याचे नियम पेढीगणिक वेगळे आहेत, ते आधी वाचावेत. पण चालत असली तरी त्या नोटिशीची गोष्ट यंत्राला कुठून ठाऊक असणार?

दुसऱ्या वर्षी तिनं अर्ज पाचच केले. प्रत्येकात नोटिशीची हकिगत सहा-सात ओळींत. मी काय केलं, का केलं, त्याचं काय झालं, एवढंच. विशेषणं नाहीत. आणि पेढ्याही अशा निवडल्या की जिथं दुकानं, गोदामं, इमारती यांचं काम मोठं आहे. त्यामुळं ‘हीच पेढी का’ याचं उत्तर आपोआप तयार झालं. पाचांपैकी तीन ठिकाणाहून पुढचं बोलावणं आलं.

अर्जातल्या आणखी एका रकान्याबद्दल सांगतो, कारण आपली माणसं तो लाजेनं रिकामा सोडतात. घरात पदवीपर्यंत गेलेलं तुम्ही पहिलंच माणूस का, शाळेत मोफत जेवण मिळत होतं का, शाळा कुठली, असे प्रश्न असतात. २०१५ पासून बऱ्याच पेढ्या मुलाचे गुण त्याच्या शाळेच्या सरासरीशेजारी ठेवून बघतात. जिथं सगळेच नापास होतात तिथं बी मिळवणं आणि महागड्या शाळेत बी मिळवणं यात फरक आहे, हे उशिरा का होईना त्यांना पटलं. यात भीक मागण्यासारखं काही नाही. विचारलंय, तर खरं ते भरावं.

अर्ज पुढं सरकला की ‘वॉटसन-ग्लेसर’ नावाची चाचणी येते. नेहमीच्या स्वरूपात तीस मिनिटांत चाळीस प्रश्न. कायद्याचं ज्ञान लागत नाही. दिलेल्या मजकुरावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, एवढंच तपासायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर, ‘पाऊस लांबला तर आपण विहिरीवर पंप बसवू’ असं कुणी म्हटलं. त्यानं काय गृहीत धरलंय? पाऊस लांबला तरी विहिरीत पाणी असेल हे. पाऊस लांबणारच आहे, असं त्यानं म्हटलेलंच नाही. किंवा, ‘आज तिन्ही एसट्या उशिरा आल्या.’ यावरून चालक हलगर्जी आहेत असं म्हणता येईल? आपण सगळे म्हणतो. चाचणीत म्हटलं तर गुण गेला. तिथं ‘माहिती अपुरी’ हेच उत्तर. हुशार मुलं इथं फसतात ती जास्त माहिती असल्यामुळं. बाहेरचं ज्ञान आत आणायचं नाही, कागदावर आहे तेवढंच खरं मानायचं. सराव केला की हे अंगवळणी पडतं. आमच्यासारख्या कवींचा मात्र इथं निभाव लागणं कठीण.

मग तो निवडीचा दिवस. नाव परकं वाटतं, पण ही चीज आपल्या ओळखीची आहे. महाराष्ट्रातल्या ज्या घरांतून मुलगा एनडीएच्या एसएसबीला गेलाय, त्यांना हे लगेच कळेल. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकारी कमी पडू लागले. तोवर चांगल्या शाळेचा, चांगल्या घरचा मुलगा बघून, थोडं बोलून निवडत असत. ते पुरेना, माणसं चुकीची निघू लागली. तेव्हा १९४२ मध्ये नवी निवड मंडळं आली. त्यात विल्फ्रेड बायन नावाचे मनोविकारतज्ज्ञ होते, जन्म मथुरेचा. त्यांची युक्ती साधी होती. आठ-दहा जणांना एक काम द्यायचं, पुढारी नेमायचा नाही आणि दूर बसून बघायचं की कोण काय करतो. आपल्या एसएसबीतल्या फळ्या, दोऱ्या आणि पिंपं तिथूनच आली. युद्धानंतर ही रीत सरकारी नोकऱ्यांत, कंपन्यांत आणि अखेर वकिलांच्या पेढ्यांत गेली. फळ्यांच्या जागी कागद आले, एवढाच फरक.

त्या दिवशी पाच-सहा मुलांना एका टेबलाभोवती बसवतात. समजा, अशिलाला एक कारखाना विकत घ्यायचाय. हे कागद, चाळीस मिनिटं, काय सल्ला द्याल? आपल्याकडं गटचर्चा म्हटली की पहिला बोलेल तो जिंकला अशी समजूत आहे. तिथं टिपणं घेत बसलेली माणसं दुसरंच बघत असतात. घड्याळाकडं कुणाचं लक्ष आहे? कोपऱ्यात गप्प बसलेल्या मुलीला ‘तुम्हाला काय वाटतं’ असं कुणी विचारलं? आपला मुद्दा चुकला हे कळल्यावर कोण तो सोडतो आणि कोण कवटाळून बसतो? मात्र सौजन्य म्हणून नुसती मान डोलावत राहिलात तर लिहायला त्यांच्याकडं काहीच राहत नाही. भाचीला पहिल्या खेपेला याचाच फटका बसला. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही हे आमच्या घरचं वळण, आणि त्या गटात दोघं तिच्याहून वयानं बरेच मोठे होते.

लेखी कामात बहुधा अशिलाला पत्र लिहायचं असतं. कायद्याची कलमं ओतून भागत नाही. उत्तर पहिल्या दोन वाक्यांत यावं, कारणं नंतर. दुसरा एक प्रकार म्हणजे टपालाचा ढीग. पंधरा पत्रं आली आहेत, तासाभरात कुठलं आधी, कुठलं उद्या, कुठलं दुसऱ्याकडं सोपवायचं ते ठरवा. तहसील कचेरीत काम केलेल्या कुणालाही हे डोळे मिटून जमेल.

सगळ्यांत मुलं घाबरतात ती भागीदारांसमोरच्या मुलाखतीला. कारण भागीदार मुद्दाम उलटं बोलतात. तुम्ही म्हणालात ‘कारखाना घ्यावा’, की ते म्हणणार ‘मला नाही पटत.’ इथं एक भेद ओळखावा लागतो. समोरच्यानं नवी माहिती दिली असेल तर मत बदलणं शहाणपणाचं. नुसती भुवई उंचावली असेल तर आपल्या कारणांशी टिकून राहावं. अशील उद्या याहून मोठी भुवई उंचावणार असतो.

‘धंद्याची जाण’ हवी असं प्रत्येक पेढी सांगते आणि मुलं फायनान्शियल टाइम्स पाठ करू लागतात. त्यापेक्षा एक दुकान घ्यावं. पैसा कुठून येतो, कुणाचं देणं आहे, भाडं वाढलं तर काय होईल, शेजारी मोठं सुपरमार्केट आलं तर काय, कुठला कागद हरवला तर धंदा बसेल? हे एका दुकानाचं नीट सांगता आलं की कंपनीचंही सांगता येतं. मेहुण्यांच्या गल्ल्यावर बसून भाचीला हे येतच होतं. याला काही नाव आहे हे तिला ठाऊक नव्हतं.

प्रत्यक्ष उमेदवारीच्या आठवड्यांत शिकाऊ वकिलाच्या शेजारी बसवतात. करार तपासणं, जुने निकाल शोधणं, बैठकीत टिपणं घेणं असं काम देतात. न समजलेलं काम ‘हो’ म्हणून घेऊन जाऊ नये. कशासाठी, केव्हापर्यंत, किती लांब, हे तिथंच विचारून वहीत लिहावं. स्वागतकक्षातल्या बाईंशी तुम्ही कसे बोललात हेही वरपर्यंत पोचू शकतं. संध्याकाळी जेवणं असतात, हातात वाइनचे पेले असतात. भाचीला याचीच धास्ती जास्त होती. तिनं संत्र्याचा रस घेतला, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शुक्रवारच्या नमाजाचं तिनं आधीच कळवून ठेवलं होतं. कचेरीत एक शांत खोली होती, तिची किल्ली मिळाली. मागितलं म्हणून मिळाली, हे आपल्या मुलांनी लक्षात घ्यावं. अपंगत्व असेल, जास्त वेळ लागत असेल, तर तेही आधीच सांगावं. इथून जाणाऱ्या मुलांनी मात्र व्हिसाचा प्रश्न अर्जापूर्वीच विचारून घ्यावा. सगळ्याच पेढ्या ती जबाबदारी घेत नाहीत.

आता कुणी म्हणेल, ही सगळी नाटकं आहेत. थोडी आहेतच. चाळीस मिनिटांच्या चर्चेत माणूस कळतो यावर माझा फारसा विश्वास नाही. पण आपल्याकडं काय चालतं ते बघा. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणं तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान बारा आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान वीस आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. मुंबईत बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटीची सॉलिसिटरची परीक्षा आणि त्यासाठी पेढीवरची तीन वर्षांची उमेदवारी आजही आहे. पण चांगल्या पेढीत शिरकाव कसा होतो? पुष्कळदा काकांच्या ओळखीनं. परभणीच्या किंवा चिपळूणच्या लॉ कॉलेजातली मुलगी अर्ज पाठवते, उत्तरसुद्धा येत नाही. लंडनची पेढी निदान काय मोजणार ते आधी जाहीर करते. जाहीर झालेल्या गोष्टीची तयारी करता येते; काकांची तयारी कशी करणार?

भाचीला गेल्या उन्हाळ्यात दोन आठवड्यांची उमेदवारी मिळाली. काम आवडलं, माणसंही बरी. शेवटी जागा मात्र मिळाली नाही. दोन-तीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. मग तिनं नियम पुन्हा काढून वाचले. ती दोन वर्षं एकाच मोठ्या पेढीत काढावीत असं कुठंही म्हटलेलं नाही. चार निरनिराळ्या ठिकाणांपर्यंत विभागून चालतात. मोफत कायदा सल्ला केंद्रातलं कामही धरतात, पगारी असो वा बिनपगारी, फक्त सॉलिसिटरनं ते तपासून मान्य केलं पाहिजे. ती आता बर्मिंगहॅममधल्या अशाच एका केंद्रात मदतनीस आहे. घरमालकांच्या नोटिसा घेऊन लोक येतात आणि ती आधी तारीख बघते. दर शुक्रवारी आठवड्याचं काम वहीत उतरवून वरिष्ठांची सही घेते, कारण दोन वर्षांनी कोण कुठं असेल सांगता येत नाही. परीक्षेचा पहिला टप्पा तिनं येत्या जानेवारीला धरलाय. फीचे पैसे दुकानातून जमताहेत.